गाडीपासून कठड्यापर्यंत: लेक सुपीरियरच्या काठाने पाच दिवस

आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि बाबा होडीत बसत नाहीत. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आयुष्यभर धरणं आणि कालवे पाहिले, पण होडी म्हटली की नकार ठरलेला. कारण विचारलं तर म्हणतात, "पाणी भिंतीच्या पलीकडे असावं, आपण अलीकडे."

या दोघांना घेऊन मला अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तरेला लेक सुपीरियर हे प्रचंड तळं बघायला जायचं होतं. मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत. वरच्या तुकड्याला अपर पेनिन्सुला म्हणतात आणि बोलताना सगळे नुसतं 'यू.पी.' म्हणतात. आईने फोनवर मावशीला "आम्ही यू.पी.ला चाललोय" असं सांगितलं, तर मावशीने गंगाजल आणायला सांगितलं.

कुणालाही विचारलं की दोनच सल्ले मिळत. पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे बघायला बोटीची फेरी करा, नाहीतर चॅपल लूप चाला. तो लूप साधारण दहा मैलांचा, म्हणजे सोळा किलोमीटर! मग मी माझा तक्ता वेगळा केला. ठिकाणाच्या नावापुढे चारच रकाने: गाडीपासून कठड्यापर्यंत किती चाल, पायऱ्या किती, बाक आहे का, स्वच्छतागृह आहे का. दहा मिनिटांपेक्षा जास्त चाल असेल तर ठिकाण बाद. पायऱ्या असतील तर खालूनही काही दिसतं का ते बघायचं. असं चाळल्यावर यादीतलं निम्मं उडेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात फार थोडं उडालं.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि ही आधी सुचली याचा मला अजून आनंद होतो. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते. सुपीरियरच्या दक्षिण काठाने पश्चिमेकडे गेलं की तळं उजव्या हाताला राहतं. परतताना लेक मिशिगनच्या उत्तर काठाने पूर्वेला यायचं, म्हणजे तेही तळं उजवीकडेच. पूर्ण फेरी घड्याळाच्या उलट करायची. मग कुठेही थांबावंसं वाटलं तर समोरून येणारी वाहनं ओलांडावी लागत नाहीत, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या खिडकीत सतत पाणी असतं. शेजारी बाबा होते. मागे आई, तिची वही आणि थर्मास.

दिवस पहिला: पूल आणि लॉक

आदल्या रात्री मॅकिनॉ सिटीला मुक्काम केला होता. सकाळी निघाल्या निघाल्या मॅकिनॅक पूल. १९५७ साली खुला झालेला हा पूल आठ किलोमीटर लांब आहे. एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला लेक ह्युरॉन. झुलत्या भागात आतल्या मार्गिकेला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. चाकांचा आवाज एकदम बदलतो, घूंऽऽ असा, आणि त्या जाळीतून जवळजवळ दोनशे फूट खालचं पाणी दिसतं. मी बाहेरच्या मार्गिकेतून जाणार होते, पण समोर एक कॅराव्हॅन रेंगाळत होती म्हणून आत घुसले. बाबांनी दाराचं हँडल धरलं. "जाळी कशाला ठेवली असेल?" मी विचारलं. "वजन कमी आणि वारा आरपार," असं उत्तर आलं, पण डोळे मिटलेले. ज्यांना हा पूल ओलांडायची फारच भीती वाटते त्यांची गाडी पुलाचे कर्मचारी चालवून पलीकडे नेऊन देतात. हे मी बाबांना उतरल्यावर सांगितलं.

तिथून तासाभरात सू सेंट मरी. इथे सेंट मेरीज नदी सुपीरियरचं पाणी ह्युरॉनमध्ये नेते. दोन्ही तळ्यांच्या पातळीत साधारण २१ फुटांचा फरक आहे, त्यामुळे नदीत उतार लागतो आणि जहाजांना तो उतरता येत नाही. म्हणून लॉक: दोन टोकांना दरवाजे असलेला हौद, त्यातलं पाणी कमी-जास्त करून जहाज खाली-वर नेतात. अमेरिकेच्या बाजूचं पहिलं लॉक १८५५ साली झालं. आता सगळ्यात मोठं आहे ते पो लॉक: १२०० फूट लांब, ११० फूट रुंद. बघायला पैसे नाहीत. दारात पिशव्या तपासतात, आत हिरवळ आणि बाक आहेत, आणि कुठलं जहाज कधी येणार त्याचा फलक माहिती केंद्रात लावलेला असतो.

मी इथे तास धरला होता. साडेचार तास गेले.

लोखंडाच्या खनिजाच्या गोळ्या भरलेलं हजार फुटी जहाज सुपीरियरकडून आलं. या जहाजांची रुंदी १०५ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून मोकळी जागा फक्त पाच फूट. ते इतकं हळू आत सरकत होतं की आई म्हणाली, थांबलंय. मग मागचे दरवाजे मिटले. काही आवाज नाही, यंत्राची घरघर नाही. फक्त भिंतीवर ओली रेघ दिसू लागली आणि ती वाढत गेली. डेकवरचा एक माणूस सुरुवातीला आमच्यापेक्षा उंच होता. थोड्या वेळाने फक्त त्याचं हेल्मेट दिसत होतं.

"पंप नाही बघ," बाबा म्हणाले. "एकही पंप नाही. वरचा व्हॉल्व्ह उघडला की भरतं, खालचा उघडला की रिकामं होतं. बाकी सगळं गुरुत्वाकर्षण." मग त्यांनी आईची वही घेतली आणि मागच्या पानावर हिशेब मांडला. १२०० गुणिले ११० गुणिले २१, म्हणजे सत्तावीस लाख घनफुटांच्या वर. "अशी तीनशे साठ वेळा रिकामी केली की एक टीएमसी." मी फोनवर बघून सांगितलं की सुपीरियरमध्ये १२,१०० घन किलोमीटर पाणी आहे. बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "सव्वाचार लाख टीएमसी होतात. कोयना एकशे पाचची. चार हजार कोयना." ते वहीतला आकडा परत परत तपासत राहिले. आईने तेवढ्यात दुसऱ्या जहाजाची वेळ विचारून आणली होती.

ज्यांना चालायचं नाही त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. देखावा तुमच्यासमोरून जातो, तुम्ही बाकावर बसायचं. मात्र जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत लॉक बंद असतं, तेव्हा हिवाळ्यात जाऊ नका.

दिवस दुसरा: पॅराडाइजकडे

सकाळी व्हाइटफिश उपसागराच्या काठाने जाणारा रस्ता घेतला. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, मेपल लाल व्हायला लागलेले, बर्च पिवळे. पॉइंट आयरोक्वॉइसला १८७० सालचं दीपगृह आहे. मनोऱ्याला ७२ पायऱ्या. मी एकटी चढले. वरून पलीकडचे कॅनडाचे डोंगर दिसतात आणि लॉककडे निघालेली जहाजं एकामागोमाग दिसतात. खाली आले तर आईबाबा मजेत होते. दीपगृहापासून पाण्यापर्यंत लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे आणि तिच्या कडेला बाक. आईने पावलं मोजली होती. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपीत लागलेली सवय आहे ती, आता सुटत नाही. वहीत लिहिलं होतं, 'दीपगृह: ११४. फळ्या चांगल्या. वारा.'

व्हाइटफिश पॉइंटला जहाजांच्या अपघातांचं संग्रहालय आहे. १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात एडमंड फिट्झगेराल्ड हे ७२९ फुटी मालवाहू जहाज इथून साधारण सतरा मैलांवर बुडालं. २९ माणसं होती, कुणी वाचलं नाही, आणि मदतीची हाकही ऐकू आली नाही. १९९५ साली त्याची घंटा पाण्याबाहेर काढली, ती इथे ठेवली आहे. तिच्या जागी खाली त्या २९ जणांची नावं कोरलेली नवी घंटा बसवली. एका अंधाऱ्या दालनात मधोमध ही घंटा, कांस्याची, लखलखीत. मला वाटलं बाबा आता "सांगत होतो ना" म्हणतील. ते काही बोलले नाहीत. बाहेर येऊन पाण्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "दीपगृह तर हे इथेच आहे." त्या रात्री इथला दिवा आणि रेडिओ संकेत दोन्ही बंद पडले होते, हे मी सांगितलं. "वीज गेली असणार," ते म्हणाले, आणि गाडीत येऊन बसले. पॅराडाइज गावापर्यंत कुणी रेडिओ लावला नाही.

दुपारी टॅक्वामेनॉन धबधबा. वरचा धबधबा दोनशे फुटांहून रुंद आणि पन्नास फुटांच्या आसपास उंच आहे. पार्किंगपासून झाडांतून पक्की वाट आहे, बाक आहेत, आणि पहिल्या कठड्यावरून तो संपूर्ण दिसतो. अगदी काठाशी जायचं तर ९४ पायऱ्या उतराव्या लागतात. आम्ही नाही उतरलो आणि चुकल्यासारखंही वाटलं नाही. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. नदी दलदलीतून येते, तिथल्या सीडर, स्प्रूस, हेमलॉक झाडांतलं टॅनिन पाण्यात उतरतं. खाली पांढऱ्या फेसाचे पुंजके तरंगत होते. आईची खात्री होती की वर कुणीतरी कपडे धुतंय. फलकावर लिहिलं होतं की पुराच्या वेळी सेकंदाला पन्नास हजार गॅलन पाणी पडतं. "साडेसहा हजार क्युसेक," बाबा लगेच म्हणाले. "आज काही एवढा विसर्ग नाही." जणू सायंकाळच्या बातम्यांना कळवायचं होतं.

खालच्या धबधब्याच्या मधोमध बेट आहे. तिथे जायला पूर्वी वल्ह्यांची होडी घ्यावी लागे. २०२२ साली पूल झाला. आम्ही उशीर झाला म्हणून गेलो नाही, पण होडी नको असणाऱ्यांनी नोंद करून ठेवावी.

दिवस तिसरा: एच-५८

पॅराडाइजहून ग्रँड मरेला जायला आधी दक्षिणेला न्यूबेरी, मग पश्चिमेला सेनी आणि पुन्हा उत्तरेला, असा वळसा आहे. काठाने पक्का रस्ता नाही. हा भाग कंटाळवाणा आहे, झोप काढावी. ग्रँड मरेत टाकी भरून घ्या, कारण पुढे म्युनिसिंगपर्यंत ऐंशीएक किलोमीटर एच-५८ हा रस्ता जंगलातून जातो आणि त्यावर पेट्रोल नाही, बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही. पूर्वी याचा बराच भाग खडीचा होता. २०१० साली डांबरीकरण पूर्ण झालं, आणि आमच्यासारख्यांना हा किनारा मोकळा झाला.

इथून पिक्चर्ड रॉक्स नॅशनल लेकशोअर सुरू होतं. अमेरिकेतला हा पहिला 'नॅशनल लेकशोअर', १९६६ सालचा. सेबल धबधब्याला १६८ पायऱ्या आहेत. आईने गाडीची काचही खाली केली नाही.

लॉग स्लाइडला मात्र आम्ही खिळलो. एकोणिसाव्या शतकात लाकूडतोडे इथून ओंडके लाकडी घसरगुंडीवरून खाली तळ्यात सोडत. घसरगुंडी केव्हाच गेली, वाळूचा कडा राहिला: तीनशे फूट उंच, थेट पाण्यात उतरणारा. पार्किंगपासून वाट छोटी आहे, पण शेवटी वाळू लागते आणि वाळूत नवे गुडघे बावरतात. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून, दर दहा पावलांनी थांबत आली. लाकडी मंचावर पोचली आणि "अगं बाई" एवढंच म्हणाली. उजवीकडे ग्रँड सेबलच्या वाळूच्या टेकड्या मैलोन् मैल वाकत गेलेल्या, डावीकडे दूर टोकावर ऑ सेबलचं पांढरं दीपगृह, आणि समोर काहीच नाही. पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी काठाशी हिरवं, मग निळं, मग जवळजवळ काळं.

बाबांनी उताराकडे हात तिरपा धरून पाहिलं. "पस्तीस अंश. अँगल ऑफ रिपोज. याहून जास्त उतारावर कोरडी वाळू उभी राहतच नाही."

उतरू नका, वर यायला तासभर लागू शकतो, अशी पाटी आहे. ती वाचून सहा कॉलेजची पोरं पळत खाली गेली, अर्ध्या मिनिटात. मग आम्ही थर्मास उघडला आणि त्यांना वर येताना पाहिलं. एक पाऊल वर, पाऊण पाऊल खाली. पहिल्या दहा मिनिटांत हसणं थांबलं. अर्ध्यावर एकाने बूट काढले, एकाने ते परत घातले. शेवटचा मुलगा चार पायांवर आला, आमच्या पायाशी आडवा पडला, आणि आईने त्याला न विचारता थर्मासचं झाकण भरून चहा दिला. बेचाळीस मिनिटं. बाबांनी घड्याळ लावलं होतं.

ट्वेल्व्हमाइल बीचला संध्याकाळ झाली. वर्णन करण्यासारखं काही नाही. वाळू, पाणी, दोन कावळे. तास गेला.

म्युनिसिंगला मुक्कामाच्या ठिकाणी तळमजल्याची खोली आरक्षित केली होती. मिळाली वरची. लिफ्ट नाही. काउंटरवरच्या मुलीने संगणक माझ्याकडे वळवून दाखवला, त्यात तळमजला 'विनंती' म्हणून नोंदला होता, 'खात्री' म्हणून नाही. चौदा पायऱ्या. आई कठडा धरून आडवी चढली, एकेक पायरी, मध्ये मला एकही शब्द बोलू न देता. तीन दिवस कठड्यांची मोजमापं करणारी मी, आणि मुक्कामाला फोन करून विचारायचं विसरले. वहीत त्या रात्री फक्त '१४' लिहिलं होतं, खाली दोन रेघा.

दिवस चौथा: कडे

सकाळी उत्तरेचा वारा सुटला होता. बोटीच्या धक्क्यावर पाटी: लाटांमुळे आजच्या फेऱ्या रद्द. तीस-चाळीस माणसं जाकिटं घालून उभी होती आणि आता काय करायचं हे एकमेकांना विचारत होती. बाबांनी पाटीचा फोटो काढला. "कशाला?" मी विचारलं. "असू दे," म्हणाले.

खरं सांगायचं तर हे कडे पाण्यातूनच बघायचे. रस्त्यावरून त्यांची तोंडं दिसत नाहीत, कारण आपण त्यांच्या डोक्यावर असतो. गाडीने जाता येतं अशी मोठी जागा एकच, माइनर्स कॅसल. पार्किंगपासून पक्की वाट, दोन-तीन मिनिटांत कठडा. वाळूच्या दगडाचा बुरूज पाण्यातून वर आलेला. त्याला दोन शिखरं होती. १३ एप्रिल २००६ रोजी एक कोसळलं. त्या वाऱ्यात लाटा पायथ्यावर आपटत होत्या, आणि प्रत्येक लाटेनंतर दगडाच्या पोकळीतून धप्प असा उशिरा आवाज येई. आईला तो तिच्या माहेरच्या आडात घागर पडल्यासारखा वाटला.

बाजूच्या कड्याचा एक तुकडा दिसतो, त्यावर रंगांचे ओघळ. भेगांतून झिरपणारं पाणी खनिजं आणतं आणि ती दगडावर राहतात: लोहाचा तांबडा आणि नारिंगी, तांब्याचा निळा-हिरवा, मँगनीजचा तपकिरी आणि काळा. बाबा म्हणाले, आपल्या धरणाच्या भिंतीवर असे ओघळ आले की आम्हाला नोटीस यायची.

म्युनिसिंग धबधब्याला पक्की सपाट वाट आहे, पाच मिनिटांची. मार्केट नावाच्या शहराकडे जाणाऱ्या एम-२८ या रस्त्यावर स्कॉट फॉल्स तर रस्त्याला लागूनच, गाडीतून दिसतो. मार्केटमध्ये प्रेस्क आइल उद्यानाला गाडीनेच फेरी मारता येते. आम्ही मारली, दोनदा. येताना अंधार पडला आणि हरणं रस्त्यावर येऊ लागली, तेव्हा वेग कमी केला. हा टप्पा उजेडात संपवायला हवा होता.

दिवस पाचवा: तराफा

परतीच्या वाटेवर मॅनिस्टिकजवळ किच-इटी-किपी नावाचा झरा आहे. दोनशे फूट रुंद, चाळीस फूट खोल, वर्षभर ७ अंशांचं पाणी. हिवाळ्यातही गोठत नाही. बघायचा तर मधोमध जावं लागतं, आणि मधोमध जायला तराफा आहे. मी हे बाबांना सांगितलं नव्हतं.

बाबा काठावर थांबले. तराफ्याला दोन्ही किनाऱ्यांमध्ये ताणलेली तार आहे, तिच्यावरून तो चाक फिरवून सरकवायचा. मोटर नाही. बाबांनी तार पाहिली, तिचं टोक कुठे गाडलंय ते पाहिलं, चाक पाहिलं.

"ही होडी नाही," ते म्हणाले.

"नाही," आई म्हणाली. "अहो, चला."

मधे भोक आहे, त्यातून खाली बघायचं. पाणी इतकं नितळ की खोलीचा अंदाजच येत नाही. तळाशी वाळू उकळल्यासारखी ढवळत होती, जागा बदलत, ढगांसारखी. मोठे ट्राउट मासे त्या ढगांवरून निवांत जात होते. पडलेली जुनी झाडं पोपटी दिसत होती. तराफ्यावर वीसेक माणसं, पण सगळी कुजबुजत. मिनिटाला दहा हजार गॅलन पाणी वर येतं, असं कुणीतरी वाचून दाखवलं. "बावीस क्युसेक," बाबा म्हणाले, पण हळू. मग चाक फिरवणाऱ्या माणसाला खुणेने बाजूला व्हायला सांगून त्यांनी चाक हातात घेतलं, आणि आम्हा सगळ्यांना काठावर आणलं. उतरले नाहीत. पुढच्या खेपेची माणसं चढली, त्यांनाही घेऊन गेले. आई बाकावर बसून वही लिहीत होती. तिसऱ्या खेपेनंतर मी घड्याळ दाखवलं.

पुढे यूएस-२. नॉबिनवेच्या पुढे लेक मिशिगन रस्त्याच्या इतकं जवळ येतं की माणसं रस्त्याकडेलाच गाड्या लावून वाळूत उतरतात. आम्हीही लावली. हे पाणी सुपीरियरच्या मानाने सौम्य, आणि दुपार उबदार होती. आईने चपला गाडीत ठेवल्या, माझा हात न धरता वाळूतून सरळ गेली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. मागे वळून ओरडली, "बावीस!"

"क्युसेक?" बाबांनी विचारलं.

"पावलं!"